गांधीजींच्या नावावर काहीही

१९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात राहू लागले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातल्याच शिक्षण परिषदेत ‘नई तालीम’चा विचार देशापुढे आला. हाताने काम करत शिकण्याचा हा वारसा असलेल्या याच जिल्ह्यातल्या मुलांच्या हाती आज मोबाइल आहे आणि त्यावर गांधीजींच्या नावाने वाट्टेल ते फिरते. बातमी, फोटो, संदेश पारखून घ्यायला मुलांना शिकवावे कसे, हा प्रश्न म्हणूनच इथल्या शाळांना जवळचा आहे. त्याच्या आड येणारे काही गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज : वाक्याखाली नाव आहे, म्हणजे ते त्यांचेच.

वस्तुस्थिती : जगात हवा असलेला बदल आधी स्वतःत घडवा, या आशयाचे वाक्य गांधीजींच्या नावावर जगभर खपते. शंभर खंडांच्या त्यांच्या समग्र वाङ्मयात ते त्या शब्दांत सापडत नाही. त्याच्या जवळ जाणारा विचार आहे तो १९१३ च्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये, आरोग्यविषयक लेखमालेतल्या सर्पदंशावरच्या लेखात. डोळ्याच्या बदल्यात डोळा घेत गेलो तर सारे जग आंधळे होईल, हे वाक्यही असेच. ही मांडणी पत्रकार लुई फिशर यांच्या गांधीचरित्रात येते, पण तिथे ते शब्द फिशर यांचे आहेत. हेच फिशर जून १९४२ मध्ये आठवडाभर सेवाग्रामात राहून गेले होते.

गैरसमज : डोळ्यांनी पाहिले, मग खोटे कसे असेल?

वस्तुस्थिती : जुलै १९४६ मध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत गांधीजी आणि नेहरू हसत बोलताना टिपलेला एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यातल्या नेहरूंच्या जागी एक परदेशी स्त्री बसवून तो वर्षानुवर्षे फिरवला गेला. मूळ फोटो शेजारी ठेवला की लबाडी लगेच उघडी पडते.

काही वेळा अशा लबाडीची किंमत जिवाने मोजावी लागते. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची म्हणून एक चित्रफीत देशभर पसरली. दुचाकीवरचे दोघे मूल उचलून नेतात, एवढेच त्यात दिसे. मूळ चित्रफीत कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती. तिच्या शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. नेमका तोच भाग कापला होता. अशाच अफवांच्या वातावरणात १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले.

गैरसमज : शिकलेला माणूस फसत नाही.

वस्तुस्थिती : स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना काही संकेतस्थळे पारखायला दिली. पीएच.डी. झालेले इतिहासतज्ज्ञही देखण्या मांडणीला भुलले. तपासनीस मात्र ते पान वाचत बसले नाहीत. त्यांनी लगेच दुसरी खिडकी उघडून, त्या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिले. पदवीपेक्षा ही सवय उपयोगी पडली, आणि ती सातवी-आठवीच्या मुलालाही लावता येते.

गैरसमज : एखादे व्याख्यान ठेवले की काम झाले.

वस्तुस्थिती : २०१९ च्या निवडणुकीदरम्यान संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये लोकांना तासभराचे प्रशिक्षण देऊन पाहिले; खोट्या बातम्या ओळखण्यात एकूण फरक पडला नाही. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमध्येच ५८३ गावांतल्या १३,५०० हून अधिक विद्यार्थ्यांसाठी काही आठवडे चालणारा वर्ग घेतला. त्याचा परिणाम काही महिन्यांनंतरही टिकला आणि मुलांच्या पालकांपर्यंतही पोचला.

वर्ध्याच्या शिक्षकांना यासाठी नव्या पुस्तकाची वाट पाहण्याची गरज नाही. गांधीजींचे समग्र वाङ्मय इंटरनेटवर मोफत वाचता येते. आठवड्यातला एक तास राखून ठेवा, गावात फिरणारा एक संदेश फळ्यावर लिहा, आणि तो कोणी लिहिला, कधीचा आहे, मुळात कुठे आला होता, हे मुलांनाच शोधू द्या.