सगळ्यात भारी सर कोण?

शनिवारी रात्रीचे साडेदहा. शिवाजी पार्कचा कट्टा. हातात कटिंग, समोर अंधारात बुडालेलं मैदान आणि आमच्यात पेटलेलं भांडण. विषय इन्क्रीमेंटचा नाही, फ्लॅटच्या ईएमआयचा नाही, कोणाच्या ब्रेकअपचाही नाही. विषय एकच... मुंबईच्या शालेय क्रिकेटमधले सगळ्यात भारी कोच कोण?

हसू नका. बाकीच्या गावांत लोक आपल्या आवडत्या प्लेअरवरून भांडतात, मुंबईत त्या प्लेअरच्या सरांवरून भांडतात. 'हॅरिस' आणि 'गाइल्स' ही दोन नावं कानावर पडली की पन्नाशीतला बँक मॅनेजरही दप्तर पाठीला लावल्यासारखा बोलायला लागतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालच्यांची, गाइल्स शील्ड चौदा वर्षांखालच्यांची. हॅरिस म्हणजे १८९० ते १८९५ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड हॅरिस. साहेब गेला, ढाल राहिली. शंभराहून जास्त वर्षं शाळाशाळांतली पोरं तिच्यासाठी भांडतायत.

त्या रात्री मात्र भांडणाला कारण होतं. आमच्यातल्या बोरिवलीकराच्या ताईचा फोन आला होता. तिचा मुलगा दहा वर्षांचा, बरा खेळतो. कोणीतरी तिला सांगितलं, 'क्रिकेट करायचं असेल तर शाळा बदला.' ताई विचारत होती, कुठल्या सरांकडे घालू? शाळा बदलायची म्हणजे नवी फी, दीड तासाचा लोकलचा प्रवास आणि पोराचे सगळे मित्र तुटणार. भावाने फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हा पाच जणांना जणू सिलेक्शन कमिटीवर घेतलं.

ओपनिंगला दादरकर

दादरकर शारदाश्रमचा. त्याने पहिलाच बॉल मैदानाबाहेर मारला. "वाद कसला? आचरेकर सर. विषय संपला."

रमाकांत आचरेकर. स्वतः फर्स्ट क्लास मॅच खेळले फक्त एक. पण या कट्ट्यासमोरच्याच मैदानावर कामत मेमोरियल क्लबच्या नेट्समध्ये त्यांनी जी पोरं घडवली त्यांची यादी म्हणजे एका दमात म्हणायचा श्लोकच. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण अमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर... चहा गार होईल. १९९० साली द्रोणाचार्य, २०१० साली पद्मश्री.

तो स्टंपवरचा रुपयाही सगळ्यांना पाठ आहे. सचिन थकला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो आउट करेल त्याला नाणं, कोणी नाहीच करू शकलं तर नाणं सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. आणि २०१३ साली वानखेडेवर रिटायर होताना त्याने काय सांगितलं? एकोणतीस वर्षांत सर एकदाही 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत. डोक्यात हवा जाईल म्हणून!

"माझा बॉस पण मला कधी वेल डन म्हणत नाही," वांद्रेकरीण म्हणाली. "पण तो काही द्रोणाचार्य नाहीये."

बोरिवली फास्ट

बोरिवलीकर गप्प बसणार थोडाच? त्याचं मत दिनेश लाड सरांना. "आचरेकर सरांकडे पोरं यायची. लाड सर पोरांकडे गेले," हा त्याचा मुद्दा. आणि मुद्दा अगदीच वाया जाणारा नव्हता.

रोहित शर्मा तेव्हा ऑफस्पिनर होता. लाड सरांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद स्कूलमध्ये बोलावलं. फी महिन्याला २७५ रुपये, घरच्यांना ती झेपणार नव्हती. सरांनी शाळेशी बोलून फी माफ करून घेतली. नंतर त्याला नॉकिंग करताना पाहिलं आणि बॅटिंगला वर पाठवलं. पुढे २०२४ चा टी-ट्वेंटी वर्ल्ड कप याच पोराने उचलला. शार्दूल ठाकूर पालघरचा. रोजचं ते अंतर कापून क्रिकेट होणार नाही म्हणून सरांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. २०२२ साली लाड सरांनाही द्रोणाचार्य मिळालं.

"फी भरायला जातो तो कोच, फी घ्यायला येतो तो क्लासवाला," बोरिवलीकर म्हणाला. हे वाक्य मला जाम आवडलं.

वांद्र्याचा रन्सचा कारखाना

वांद्रेकरीण एचआरमध्ये आहे. स्वतः कधी बॅट धरली नाही, पण स्कोअर सगळे तोंडपाठ. तिचा उमेदवार रिझवी स्प्रिंगफील्डचे राजू पाठक सर. २००९ साली बारा वर्षांच्या सरफराज खानने हॅरिसमध्ये ४३९ मारले. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पृथ्वी शॉने आझाद मैदानावर ३३० बॉलमध्ये ५४६! दोघंही रिझवीचे, दोघंही पुढे भारताकडून टेस्ट खेळले. "आकडे बोलतात, बॉस. अप्रेझलला हेच तर विचारतात ना?"

इथे कल्याणकराने तोंड उघडलं. तो आमच्यातला शांत माणूस, ऑडिटवाला. म्हणाला, "पृथ्वी विरारचा. सचिन आधी वांद्र्याच्या दुसऱ्या शाळेत होता. रोहित पण दुसऱ्याच शाळेतून आला. मोठ्या शाळांच्या कोचची तुलना करताना एवढं तरी लक्षात घ्या, की चांगली पोरं शेवटी एकाच दोन-तीन शाळांत गोळा होतात. मग समोरच्या शाळेत उरतं काय?"

आणि मग त्याने त्याच्या गावची गोष्ट काढली. जानेवारी २०१६. भंडारी कप. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने ३२७ बॉलमध्ये नाबाद १००९ केले. १८९९ सालचा कॉलिन्सचा ६२८ चा रेकॉर्ड मोडला, जगभरच्या कॅमेऱ्यांनी कल्याण गाठलं. प्रणवचं कौतुक व्हायलाच हवं, एवढा वेळ नुसतं उभं राहून दाखवा. पण स्कोअरकार्डची दुसरी बाजू बघा. आर्य गुरुकुल ३१ आणि ५२. गांधी शाळा ३ बाद १४६५. पराभव एक डाव आणि १३८२ रन्सनी.

"मला एवढंच सांगा," कल्याणकर म्हणाला, "त्या संध्याकाळी हरलेल्या पोरांना त्यांच्या सरांनी काय सांगितलं असेल?"

कट्ट्यावर एकदम शांतता. चहावालाही बघायला लागला.

आमचे सर

मला उत्तर माहीत होतं. म्हणजे त्या सरांचं नाही, आमच्या सरांचं.

आमची शाळा तुम्हाला माहीत नसणार. एकच किट बॅग, त्यात पॅडच्या दोन जोड्या, त्यातल्या एकीचा पट्टा सुतळीचा. कोच असा वेगळा नाहीच. पीटीचे सर, तेच क्रिकेटचे, तेच गॅदरिंगला स्टेज बांधणारे. मी दहावीत असताना, म्हणजे पृथ्वीने ५४६ केले त्याच सीझनला, आमची हॅरिसची पहिली मॅच एका तगड्या शाळेशी पडली. त्यांनी आम्हाला दोन सेशन पळवलं आणि मग आम्ही ४१ ऑल आउट. आमच्या कॅप्टनला तर बूट सोडवतानाच रडू फुटलं.

सर ओरडले नाहीत. सीएसटीच्या बाहेर सगळ्यांना वडापाव घेऊन दिला आणि म्हणाले, "ट्रेन पकडायच्या आधी प्रत्येकाने आजचा आपला एक चांगला बॉल सांगायचा. एकच." आधी कोणी बोलेना. मग एकाने त्याचा ड्राइव्ह सांगितला. एकाने दहा ओव्हरनंतर एकदाचा पडलेला यॉर्कर. कॅप्टनने एक अडवलेला चौकार. असं करत माझ्यापर्यंत आलं. मी बारावा. दिवसभर पाणी नेलं होतं आणि स्कोअरबुक लिहिलं होतं.

"सर, मी खेळलोच नाही," मी म्हणालो.

"तू लिहीत होतास ना? म्हणजे सगळे बॉल तूच नीट पाहिलेस. तू आमच्या सगळ्यांतला बेस्ट बॉल सांग."

मी सांगितला. आमच्या लेगस्पिनरचा, ज्यावर त्यांचा ओपनर चकला होता आणि कीपरने स्टंपिंग सोडलं होतं. त्या लेगस्पिनरचा चेहरा मला अजून आठवतो. आज मी लिहून पोट भरतो. त्याची सुरुवात त्या वडापावच्या गाडीवर झाली असं म्हणणं फिल्मी होईल. पण आपण बाहेर बसलो होतो तरी आपण टीममध्ये होतो, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या सरांना कुठलं अवॉर्ड मिळालं नाही, त्यांचा एकही पोरगा रणजीपर्यंत गेला नाही. कुठल्याही यादीत ते बसत नाहीत. मीसुद्धा त्या रात्रीपर्यंत त्यांचं नाव या वादात कधी घेतलं नव्हतं. आणि त्याची मला लाज वाटली.

पॅड बांधून बसलेला मुलगा

"म्हणजे काय, आचरेकर सर बाद?" दादरकर चिडला.

अजिबात नाही. उलट मला वाटतं, आचरेकर सर ज्यासाठी भारी आहेत ते आपण भलतीकडेच शोधतो. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिसची सेमी फायनल, समोर सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, पार्टनरशिप ६६४. ही गोष्ट मुंबईच्या पोरांना बाराखडीबरोबर शिकवतात. पण शारदाश्रमचा स्कोअर होता २ बाद ७४८. म्हणजे पुढचा बॅट्समन पॅड बांधून बसलेला होता. जवळजवळ दोन दिवस. त्याचं नाव अमोल मुझुमदार.

तो पुढे रणजी पदार्पणात २६० करून गेला, तो तेव्हाचा जागतिक विक्रम. फर्स्ट क्लासमध्ये अकरा हजारांवर रन्स केले, मुंबईला रणजी जिंकून दिली. पण भारताची टेस्ट कॅप त्याला कधीच मिळाली नाही. आयुष्यभर पॅड बांधून बसल्यासारखंच. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटीलवर भारताच्या मुलींनी पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा त्यांचा हेड कोच कोण होता? हाच.

तोच एकटा नाही. चंद्रकांत पंडितने विदर्भाला लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिली आणि २०२२ साली मध्य प्रदेशला... तीही मुंबईला हरवून! अमरे, राजपूत, बांगर, पोवार, म्हांब्रे, सगळे पुढे कोच झाले. सचिन एकच झाला. तसा दुसरा होणारही नाही. पण सरांची पोरं पुढे दुसऱ्यांची सर झाली, हा रेकॉर्ड कुठल्या शील्डवर कोरता येत नाही.

आम्ही बसलो होतो तिथून जवळच, गेट नंबर पाचपाशी, आचरेकर सरांचं स्मारक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सचिनच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. कांबळीही आला होता. दोघांच्या भेटीचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. एकच सर, एकच नेट, एकच पार्टनरशिप आणि दोन अगदी वेगळी आयुष्यं. कोच सगळं करू शकत नाही, हेही त्या व्हिडिओत दिसतं.

तर, ताई...

शेवटी साडेबाराला ताईला परत फोन लावला. कमिटीतर्फे मीच बोललो. म्हटलं, ताई, कुठल्याही सरांची यादी बघू नका, भिंतीवरचे फोटोही नका बघू. मधल्याच एखाद्या वारी, न सांगता नेट्सवर जा. बॅटिंग करणाऱ्या पोराकडे बघू नका, तो कुठेही चांगलाच दिसतो. मागे रांगेत बसलेल्यांकडे बघा. नववा, दहावा, बारावा. सरांना त्यांची नावं माहीत आहेत का? त्यांचा नंबर लागतो का? घरी जाताना सर त्यांच्याशी एक वाक्य तरी बोलतात का? बोलत असतील तर शाळा बदला. नसतील तर आहे तिथेच राहू द्या, वडापावचे पैसे वाचतील.

ताई हसल्या. म्हणाल्या, "आमच्या शाळेतच एक पीटीचे सर आहेत. आधी त्यांनाच बघून येते."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या सरांना फोन केला. बारा वर्षांनी. रिटायर झालेत. आवाज ओळखला नाही, पण मी 'बारावा' म्हटल्यावर लगेच म्हणाले, "स्कोअरबुकवाला! तो लेगस्पिनर काय करतो रे हल्ली?"

बोरिवलीकर अजून लाड सरांवरच अडून आहे. पुढच्या शनिवारी सेकंड इनिंग. तुम्हीही या कट्ट्यावर. फक्त येताना तुमच्या सरांचं नाव घेऊन या, आणि जमलं तर त्याआधी त्यांना एक फोन करा.