प्रेमगीतांतून कन्नड

आमच्या जोयड्याकडे घरात कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कन्नड असा प्रकार. सोसायटीच्या कर्जाचा कागद बहुधा कन्नडात येतो. तेव्हा कन्नड शब्द येणे ही नुसती हौस नव्हे.

पुस्तकातून पाठ केलेले शब्द सकाळपर्यंत टिकत नाहीत. चालीवर बसलेले टिकतात. 'मुंगारु मळे' (2006) हा चित्रपट घ्या. त्यातील सर्वांत गाजलेले प्रेमगीत जयंत कायकिणी यांचे. ते आपल्याच जिल्ह्यातील गोकर्णचे. गायले सोनू निगम यांनी, ज्यांची मातृभाषा कन्नड नव्हे! चित्रपटाच्या नावातच पहिला धडा आहे. 'मुंगारु' म्हणजे पावसाळ्याच्या आरंभीचा, आणि 'मळे' म्हणजे भाजीचे मळे नव्हेत, पाऊस. तसेच 'हाडु' म्हणजे गाणे. मराठी कानाला उगाच हाडे ऐकू येतात. 'मन' दोन्हीकडे मनच, पण 'मने' म्हणजे घर. म्हणून 'मनदल्लि' म्हणजे मनात आणि 'मनेयल्लि' म्हणजे घरात. हा 'अल्लि' एकदा कानात बसला, आणि 'कनसु' म्हणजे स्वप्न एवढे ठाऊक असले, की 'कनसिनल्लि' म्हणजे काय हे कोणी सांगावे लागत नाही.

सावधगिरी मात्र हवी. गाण्यातला प्रियकर 'नीनु' आणि 'बा' म्हणतो, म्हणजे 'तू' आणि 'ये'. बँकेच्या मॅनेजरसाहेबांना ते कसे चालेल? तेथे 'नीवु' आणि 'बन्नि' म्हणावे. शिवाय आम्हा वाणिज्यवाल्यांचे शब्द या गाण्यांत सापडत नाहीत; प्रियकर व्याजाबद्दल कशाला बोलेल? 'साल' म्हणजे कर्ज (वर्ष नव्हे), 'बड्डी' म्हणजे व्याज, 'नष्ट' म्हणजे तोटा. हे तीन चालीवाचूनच पाठ करावे लागतात.