भंगारातले भुंगेरे आणि लोहाराचा हात

ट्रकचा मोडका पाटा, झिजलेली कानस, सायकलची चेन, निकामी बेअरिंग अशा भंगारातून घडवलेले भुंगेरे, चतुर, नाकतोडे आणि मुंगळे हल्ली हस्तकलेच्या प्रदर्शनांत आणि घरांच्या भिंतींवर दिसतात. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून त्यांचे कौतुक होते आणि पाहणारा पुढे सरकतो. हे कौतुक खोटे नाही, पण अपुरे आहे. भट्टीत लाल करून ऐरणीवर घडवलेल्या पोलादी कीटकाचे मोल त्यात किती भंगार वापरले यावर ठरत नाही. तो घडवताना लोहाराच्या हाताला आणि डोळ्याला काय साधावे लागले, यावर ठरते. अवजारांची मागणी कारखान्यांकडे गेल्यावरही लोहारविद्या जिवंत ठेवायची असेल, तर शोभेच्या या लहानशा वस्तूकडे गांभीर्याने पाहायला हवे, असे माझे मत आहे.

या मताला इतिहासाचा आधार आहे. जपानमधील म्योचिन घराणे पिढ्यानपिढ्या सामुराईंसाठी चिलखते आणि शिरस्त्राणे घडवत असे. सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीत देशात दीर्घ शांतता नांदू लागली आणि चिलखतांची निकड ओसरली. लोखंडाचे पातळ पत्रे घडवून ते एकमेकांवर चढवत सांधण्याचे कसब मात्र कारागिरांच्या हातात होते. ते त्यांनी साप, खेकडे, मासे आणि कीटक यांच्या प्रतिकृतींकडे वळवले. ‘जिझाई ओकिमोनो’ नावाने प्रसिद्ध असलेल्या या वस्तूंचे सांधे खऱ्या प्राण्यासारखे हलतात. तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात म्योचिन मुनेआकी याने १७१३ साली घडवलेला लोखंडी ड्रॅगन आहे; साल नोंदवलेल्या अशा वस्तूंमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. चिलखत घडवणाऱ्यांना कीटक साधले यात नवल नाही. दोन्हींची रचना एकाच तत्त्वावर उभी आहे: बाहेर कडक पट्ट्या आणि पट्ट्यांच्या मध्ये हलता सांधा. हे कारागीर भंगारावर काम करत नव्हते, पण त्यांच्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. मूळ गरज संपल्यावरही अवघड शोभेची वस्तू एखादे कौशल्य पुढच्या पिढ्यांपर्यंत नेऊ शकते.

अवघड हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. कीटकाला आत हाडे नसतात. त्याचा सांगाडा म्हणजे त्याचे कवच. डोके, वक्ष आणि उदर असे शरीराचे तीन भाग, आणि वक्षातून फुटणारे पायांचे तीन जोड. हे सारे पोलादात उतरवायचे तर कांब ठोकून निमुळती ताणावी लागते, तिचे टोक दाबून जाड करावे लागते, शिंगांसाठी तापलेले लोखंड छिन्नीने चिरावे लागते, पंखांवरच्या ढालींसाठी पत्रा खोलगट साच्यात फुगवावा लागतो, भोके पाडून रिव्हेट मारावे लागतात. लोहारकामाच्या जवळपास सगळ्या मूळ क्रिया तळहाताएवढ्या वस्तूत एकत्र येतात. त्यात सहाही पाय जोडीजोडीने जुळले पाहिजेत. बारीक पाय भट्टीतून ऐरणीवर येईपर्यंतच निवू लागतो. काळवंडल्यावर घाव घातला तर कडक पोलादाला तडा जातो, आणि भट्टीत क्षणभर जास्त राहिला तर टोक फुलबाजीसारखे ठिणग्या सोडत जळून जाते. जाड कोयत्यात खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

रंगाच्या बाबतीतही कीटक आणि पोलाद यांचे नाते खरे आहे. घासून स्वच्छ केलेले पोलाद हळूहळू तापवले, तर साधारण २२० अंश सेल्सिअसला ते पिवळसर दिसू लागते, २८० च्या आसपास जांभळे आणि ३०० च्या सुमारास निळे होते. हा रंग वरून दिलेला नसतो. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि त्याच्या वरच्या व खालच्या बाजूंवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून विशिष्ट रंग उठून दिसतो. ब्यूप्रेस्टिडी कुळातल्या चकचकीत भुंगेऱ्यांची हिरवी-निळी झळाळीही मुख्यतः त्यांच्या कवचातल्या सूक्ष्म थरांमुळेच दिसते. त्यामुळे रंगाचा डबा न उघडता, केवळ आचेवर ताबा ठेवून, लोहार भुंगेऱ्याच्या पाठीवर त्याच जातीची चमक आणू शकतो.

आता भंगाराकडे वळू. बांधकामाच्या सळईत कार्बन साधारण ०.२ टक्के असतो, ट्रकच्या पाट्यात ०.५ ते ०.६ टक्के, तर कानस आणि बेअरिंग यांच्या पोलादात एक टक्क्याच्या आसपास. हे आकडे लहान दिसतात, पण घणाखाली त्यांचे स्वभाव अगदी वेगळे निघतात. सळई बरेच काही सहन करते; बेअरिंगचे पोलाद मोजक्याच तापमानांत घाव सोसते. भंगारावर कोणी चिठ्ठी लावलेली नसते, म्हणून लोहाराला ते वाचावे लागते. ग्राइंडरवर धरले की कमी कार्बनच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. जास्त कार्बनच्या ठिणग्या जवळच फुटून त्यांना फाटे फुटतात. तुकडा तापवून पाण्यात विझवला आणि मोडून पाहिला, की उरलेले कळते. भंगाराबद्दलचा एक आक्षेप मात्र पूर्ण रास्त आहे: जुन्या पाट्यात वर्षानुवर्षांच्या ताणाने पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि अशा पोलादाचा वजन उचलणारा हूक करणे धोक्याचे आहे. पण नेमक्या याच कारणाने ते शोभेच्या कामाला योग्य ठरते. हूक तुटला तर माणूस जखमी होतो. नाकतोड्याचा पाय तुटला तर एक पाय पुन्हा घडवावा लागतो. चूक स्वस्त असणे ही शिकणाऱ्याची मोठी सोय आहे.

दुसरा आक्षेप पर्यावरणाच्या बाजूने येतो. पोलाद वितळवून पुन्हापुन्हा वापरता येते. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबानुसार एक टन भंगार वापरले की सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. जालन्यातल्या कारखान्यांत टनावारी भंगार वितळून सळई होते, त्यापुढे लोहाराने वापरलेले चार किलो कुठे? हा युक्तिवाद मान्यच केला पाहिजे. पर्यावरण वाचवतो म्हणून पोलादी भुंगेरा विकणे ही अतिशयोक्ती आहे आणि कारागिरांनी ती सोडून द्यावी. त्यांच्या वस्तूला त्या आधाराची गरजही नाही.

तिसरा आक्षेप असा, की नट, बोल्ट आणि चमचे वेल्डिंगने जोडले तरी कीटक होतोच, मग भट्टी कशाला? जोडकामालाही स्वतःची कल्पकता लागते. दिल्लीत २०१९ मध्ये खुल्या झालेल्या ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानात भंगारातून जगातली सात आश्चर्ये उभी आहेत, आणि तेवढ्या आकाराचे काम वेल्डिंगशिवाय झाले नसते. मात्र जोडलेल्या कीटकात नटाचा आकार नटच राहतो. घडवलेल्या कीटकात पोलादाचा आकार हाताने बदललेला असतो, आणि लोहारविद्या टिकवण्याचा प्रश्न असेल तेव्हा हाच फरक निर्णायक ठरतो. छत्तीसगडमधील कोंडागावच्या परिसरातले लोहार भंगार लोखंड तापवून, ठोकून दिवे, हरणे आणि माणसांच्या आकृती घडवतात. बस्तरच्या या लोहशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गडचिरोलीच्या शेजारच्या प्रदेशात जे जमले, ते आपल्याकडच्या लोहार आणि घिसाडी कारागिरांना परके वाटण्याचे कारण नाही. बैलगाडीच्या धावा आणि नांगराचे फाळ यांचे काम आटले असताना त्यांच्या हातांना नवा ग्राहक हवा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. तिथल्या प्रशिक्षणात अशा घडीव शोभेच्या वस्तूंना जागा मिळाली पाहिजे.

त्या प्रशिक्षणात सुरक्षेचा धडा पहिला हवा. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड भट्टीत टाकू नये. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने ताप भरतो. क्रोमचा मुलामाही टाळावा. शॉक ॲब्सॉर्बरसारखे बंद भाग तापले तर फुटतात. आणि ग्राहकांना एक विनंती: पोलादी भुंगेरा विकत घेताना त्यात कोणकोणते सुटे भाग ओळखू येतात, एवढेच पाहू नका. पाय निमुळते ताणलेले आहेत का, पाठ ठोकून फुगवलेली आहे का, सांधे रिव्हेटचे आहेत का, हे पाहा आणि तो घडवणाऱ्याला विचारा. घडीव कामाला दोन पैसे जास्त पडत असतील तर ते द्या, कारण ते पैसे भंगाराचे नसून कसबाचे आहेत.