वाटाड्या पेटर टाउगवाल्डर

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस, इटलीच्या सीमेलगत, झेर्माट नावाचे गाव आहे. तेथील संग्रहालयात काचेआड दोराचा एक तुकडा जपून ठेवला आहे. दोर बारीक आहे आणि मध्येच तुटलेला आहे. तो तुटला म्हणून एका माणसाचा जीव वाचला. आणि तो तुटला म्हणूनच त्याच माणसाचे नाव बुडाले. त्या माणसाची, पेटर टाउगवाल्डर या वाटाड्याची, हकीकत येथे सांगावयाची आहे. गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याला दुय्यम स्थान मिळते. परंतु माणसाच्या अब्रूचा निवाडा कसा होतो आणि कसा होऊ नये, हे समजून घ्यावयाचे तर त्याचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

टाउगवाल्डरचा जन्म १८२० सालचा. त्या काळी आल्प्सच्या दऱ्यांतील लोक गुरे पाळून आणि गवत कापून कसेबसे पोट भरीत. १८५७ साली लंडनमध्ये ‘अल्पाइन क्लब’ निघाला आणि उन्हाळा आला की हौशी इंग्रज मंडळी शिखरे चढण्यासाठी स्वित्झर्लंडात येऊ लागली. त्यांना वाट दाखविणे, बर्फात पायऱ्या खोदणे, दोराने सांभाळून नेणे हा गावकऱ्यांचा नवा धंदा झाला. या धंद्यातील एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक वाटाड्याजवळ एक वही असे. मोहीम संपली की साहेब तीत आपला अभिप्राय लिही, आणि पुढचा साहेब तो वाचून वाटाड्याला कामावर घेई. म्हणजे वाटाड्याचे पोट त्याच्या पायांवर जितके, तितकेच दुसऱ्याच्या लेखणीवर अवलंबून!

झेर्माटवर मॅटरहॉर्नचा सुळका उभा आहे. उंची ४,४७८ मीटर. आल्प्समधील बहुतेक मोठी शिखरे सर झाली तरी हा तेवढा अजिंक्य राहिला होता. टाउगवाल्डरची त्याच्याशी जुनी ओळख होती. १८६२ च्या जानेवारीत, भर हिवाळ्यात, केनेडी नावाच्या इंग्रजाबरोबर त्याने त्यावर चढण्याचा प्रयत्न केला होता. पुढे १८६५ च्या उन्हाळ्यात झेर्माटच्या बाजूची सोंड पाहून येऊन, या वाटेने जाता येईल असे त्यानेच सांगितले. खालून ही बाजू उभ्या भिंतीसारखी दिसे आणि बहुतेकांनी तिचा नाद सोडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दाचे मोल कळते.

त्याच जुलैमध्ये तो लॉर्ड फ्रान्सिस डग्लस या अठरा वर्षांच्या तरुणाबरोबर ओबर गाबेलहॉर्न शिखरावर गेला. माथ्यावर बसले असताना पायाखालचा बर्फाचा कंगोरा ढासळला आणि दोघेही कड्यावरून घसरले. तिसरा सोबती व्हियानँ याने दोर घट्ट धरला म्हणून ते वाचले. दोराचा अर्थ काय, हे टाउगवाल्डर त्या दिवशी स्वतःच्या देहाने शिकला. मॅटरहॉर्नची घटना त्यानंतर आठवड्याभरातच घडली.

१४ जुलै १८६५ रोजी दुपारी सात माणसे मॅटरहॉर्नच्या माथ्यावर उभी राहिली. पंचवीस वर्षांचा एडवर्ड व्हिंपर, पाद्री चार्ल्स हडसन, त्यांचा एकोणीस वर्षांचा नवशिका सोबती हॅडो, लॉर्ड डग्लस, फ्रेंच वाटाड्या मिशेल क्रो, आणि टाउगवाल्डर बापलेक. मुलाचे नावही पेटरच. उतरताना सर्वांत पुढे क्रो, मग हॅडो, हडसन आणि डग्लस. त्यांच्यावर थोरला टाउगवाल्डर, मग व्हिंपर, आणि शेवटी धाकटा पेटर. सारे एकाच माळेत बांधलेले.

हॅडोचा पाय घसरला. तो क्रोच्या अंगावर आदळला. त्या दोघांच्या ओढीने हडसन गेला, त्याच्यामागून डग्लस. टाउगवाल्डरने आपला दोर खडकाच्या टोकाला वेढा घालून धरला. व्हिंपरनेही धरले. पण एक माणूस तोलणे निराळे आणि पडत असलेली चार माणसे तोलणे निराळे. डग्लस आणि टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला आणि चौघे कड्यावरून खालच्या हिमनदीवर कोसळले. तिघांची प्रेते मिळाली. डग्लसचे कधीच मिळाले नाही.

व्हिंपरने तुटलेला दोर पाहिला आणि तो चकित झाला. बरोबर तीन प्रकारचे दोर होते, आणि तुटलेला दोर त्यांतला सर्वांत कच्चा होता. गावात कुजबूज सुरू झाली: म्हाताऱ्याने दोर कापला! सिंहगडाच्या कथेमुळे आपल्या कानाला ‘दोर कापणे’ हे शब्द शौर्याचे वाटतात. झेर्माटमध्ये त्यांच्याइतका घाणेरडा आरोप दुसरा नव्हता. कारण वाटाड्याचा सारा धर्म त्या दोरात सामावलेला असतो.

त्याच महिन्यात न्यायाधीश क्लेमेंत्स यांच्यापुढे चौकशी झाली. निराळा दोर का वापरलास, असे विचारता टाउगवाल्डरने सांगितले की पहिला दोर आपल्यापर्यंत पुरला नाही. हा दोर कच्चा आहे असे वाटले असते, तर त्याने डग्लसशी स्वतःला बांधूनच घेतले नसते, असेही तो म्हणाला. उत्तर साधे आहे, पण विचार करण्यासारखे आहे. ज्या दोराने दुसऱ्याचा जीव टांगला, त्याच दोराने त्याचाही टांगला होता. शिवाय दोर आणले होते व्हिंपरने. कोणी कोणत्या दोराने बांधून घेतले, हे माथ्यावरून निघताना पाहणे त्यालाही अशक्य नव्हते. पण तो त्या वेळी शिखराचे चित्र काढीत होता. न्यायालयाने अपघाताचे कारण हॅडोचे घसरणे हेच मानले आणि कोणालाही दोषी धरले नाही.

येथे प्रकरण मिटावयास हवे होते. ते मिटले नाही, कारण चौकशीचे कागद प्रसिद्धच झाले नाहीत. टाउगवाल्डरला खुलाशाची संधी मिळावी म्हणून आपण प्रश्न लिहून दिले होते, पण त्यांची उत्तरे कबूल करूनही आपणांस मिळाली नाहीत, असे व्हिंपरने लिहून ठेवले आहे. १८७१ साली त्याचे पुस्तक निघाले. त्याने दोर कापला नाही, हे त्यात व्हिंपरने स्पष्ट म्हटले. मात्र सर्वांत कच्चा दोर तेथे कसा आला, ही संशयास्पद गोष्ट उरतेच, अशी पुस्तीही जोडली. पहिले वाक्य लोक विसरले. दुसरे लक्षात राहिले.

वाटाड्याच्या वहीत जन्मभर दुसऱ्यांनी लिहिलेले जमविले, त्याचे पुण्य या एका पुस्तकापुढे फिके पडले. टाउगवाल्डरजवळ स्वतःचे पुस्तक नव्हते. त्याने आपला जबाब दिला होता. पण तो दफ्तरात पडून होता. तो गाव सोडून अमेरिकेत गेला, काही वर्षांनी परतला, आणि १८८८ साली मॅटरहॉर्नच्या पायथ्याशी श्वार्झसे येथे त्याने प्राण सोडला. चौकशीतील जबाब छापून जगापुढे आले ते १९२० साली. अपघाताला तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती आणि टाउगवाल्डरला जाऊन बत्तीस.

दोर का तुटला याचा वाद अभ्यासक आजही घालतात, आणि त्यांनी तो खुशाल घालावा. परंतु टाउगवाल्डर निर्दोष ठरला होता आणि ते त्याच्या शेजाऱ्यांना पटवून देणारा कागद त्याच्या हयातीत कोणी त्यांच्या हाती ठेवला नाही, याबद्दल वाद नाही. न्याय नुसता करून भागत नाही. तो चव्हाट्यावर वाचून दाखवावा लागतो. नाही तर निकाल दफ्तरात राहतो आणि संशय गावभर फिरतो. ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने तर हे विशेष जपले पाहिजे. दुसऱ्याच्या अब्रूचा दोर बहुधा त्याच्याच हाती असतो.