भीती चुकीच्या गोळीची

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी औषधशास्त्राचा जाडजूड ग्रंथ पालथा घालावा लागतो. त्यामुळे मेंदूवर काम करणाऱ्या गोळ्यांबाबत मेडिकलच्या विद्यार्थ्याची गफलत होणार नाही, असं आपण धरून चालतो. गफलत होते, आणि तीही उलटी. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप येईना म्हणून सिनिअरकडून अर्धी अल्प्राझोलाम घेताना हात कचरत नाही; पण नैराश्यावर मानसोपचारतज्ज्ञाने एस्सिटालोप्राम लिहून दिली, की ‘एकदा लागली की सुटत नाही’ म्हणून पट्टी ड्रॉवरमध्येच पडून राहते. सवय लागते ती पहिलीची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम रोज घेतल्या तर काही आठवड्यांतच शरीर त्यांच्यावर विसंबू लागतं. म्हणूनच 2014 पासून अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये आहे: पट्टीवर लाल चौकटीत इशारा, आणि दुकानदाराने रुग्णाचं व डॉक्टरचं नाव नोंदवून ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं. एस्सिटालोप्रामलाही चिठ्ठी लागतेच, पण हे रजिस्टर लागत नाही. शिवाय नवं काही लक्षात राहण्याची क्षमताच अल्प्राझोलाम मंदावते; व्हायवाच्या तोंडावर याहून वाईट सौदा नाही.

‘पण नैराश्यावरच्या गोळ्याही एकदम थांबवता येत नाहीत ना?’ हा आक्षेप खरा आहे. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी झिणझिणी, असा त्रास होतो. मात्र त्याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसनात औषधाची ओढ असते, तलफ असते. 2 ते 6 आठवड्यांनी हळूहळू गुण येणाऱ्या गोळीची तलफ कुणाला येणार? स्टिरॉइडही टप्प्याटप्प्याने बंद करतात, त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. खरी सावधगिरी वेगळीच आहे: पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. एमबीबीएसची मुलं नेमकी याच वयाची. तेव्हा ही गोळीही स्वतःच्या मनाने घ्यायची नाही.

‘कच्च्या मनाच्यांनाच हे लागतं’ म्हणणाऱ्यांनी आकडे बघावेत. 2016 च्या जामा नियतकालिकातल्या 43 देशांच्या आढाव्यात 27.2 टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांत नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली. त्यांतल्या जेमतेम 15.7 टक्क्यांनी उपचार घेतले. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, हे मान्य. पण चौथा हिस्सा ‘कच्चा’ ठरवण्यापेक्षा ड्यूटीचा तक्ता तपासणं जास्त शहाणपणाचं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने 2024 मध्ये रेसिडेंटांसाठी आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली, ती उगाच नव्हे. उरली ‘कॉलेजात कळेल’ ही धास्ती. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो. अल्प्राझोलाम रोज घेत असाल, तर हे वाचून आज रात्री एकदम बंद मात्र करू नका. झटके येऊ शकतात. मात्रा कशी उतरवायची ते डॉक्टरला ठरवू द्या.