गाडी थरथरते? आधी ‘कधी’ ते बघा

चितेगाव-बिडकीनहून पैठण रोडने रोज ये-जा करणाऱ्यांनो, गाडी थरथरली की लगेच टायर बदलायला धावू नका. थरथर कधी होते, त्यावरून दोष सापडतो.

🔧 ब्रेक दाबताच स्टिअरिंग हलतं, पेडल पायाखाली धडधडतं: पुढच्या डिस्कची जाडी असमान झालेली असू शकते. डिस्क मोजून घ्या, नुसते पॅड बदलून भागत नाही.

🔧 ॲक्सिलरेटर दिला की थरथर, पाय काढला की बंद: ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट, इंजिन माउंटिंग तपासा.

🔧 ८०-१०० च्या वेगात सतत थरथर: व्हील बॅलन्सिंग करा. त्याआधी रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला काळ्या मातीचा चिखल खरवडून काढा.

⚠️ थरथर अचानक सुरू झाली तर गाडी बाजूला घ्या. चाकाचे नट आणि टायरला आलेला फुगा आधी बघा.