फ्यूज दिव्यासाठी नसतो

जुनी जीप किंवा ट्रॅक्टर नव्याने वायरिंगला घेतला की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘बारा व्होल्टच तर आहे, काय होतंय!’ बारा व्होल्टने शॉक सहसा बसत नाही, हे खरं. पण आग लागू शकते. बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर प्रवाह सुटतो आणि वायरचं आवरण पाहता पाहता वितळतं. शिवाय व्होल्टेज कमी म्हणून त्याच कामाला प्रवाह जास्त लागतो. 100 वॅटचा दिवा घरात अर्धा अँपिअरही घेत नाही, गाडीत आठाच्या वर घेतो. घरच्या कामातून उरलेली बारीक वायर म्हणूनच इथे चालत नाही.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे फ्यूज दिव्याला वाचवतो. फ्यूज असो की सर्किट ब्रेकर, तो वायरला वाचवतो. दिवा गेला तर नवा लावता येतो. डॅशबोर्डमागे एक वायर तापली तर शेजारच्या सगळ्या वायरींना घेऊन जळते. म्हणून आधी भार मोजायचा, मग तो पेलणारी वायर निवडायची आणि फ्यूज त्या वायरच्या क्षमतेच्या आतलाच घ्यायचा. सारखा उडतो म्हणून 10 अँपिअरचा लाल फ्यूज काढून 30 चा हिरवा लावला, तर दोष तसाच राहतो आणि पुढच्या वेळी वायर जळते. फ्यूज बॅटरीजवळच हवा, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कुणीच राखत नाही.

‘मग घरातला एमसीबीच लावू,’ हा उपायही चुकीचा. तो एसी प्रवाहासाठी आणि भिंतीवर स्थिर बसण्यासाठी बनवलेला असतो. गाडीत डीसी प्रवाह, हादरे आणि बॉनेटखालची उष्णता असते. गाडीसाठीचेच ब्रेकर मिळतात, पण त्यांतही फरक आहे. काही थंड झाले की आपोआप पुन्हा जोडले जातात. हेडलाइटला ते सोयीचे, कारण रात्री रस्त्यात पूर्ण अंधार होत नाही. मात्र शॉर्ट कायम असेल तर तीच वायर पुन्हा पुन्हा तापते. नव्याने जोडलेल्या उपकरणांसाठी मी बटण दाबल्याशिवाय सुरू न होणारा ब्रेकरच निवडेन.

स्विच मोठा घेतला की रिले नको, असंही मानतात. 60 वॅटच्या दोन हेडलाइटना 10 अँपिअर लागतात. रिले लावला तर स्विचमधून जेमतेम पाव अँपिअर जातो, बाकीचा भार रिले वाहतो.

दिवे मंद लागले तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंग तपासा. रंगावर किंवा गंजावर कसलेला बोल्ट प्रवाह अडवतो.

आणि कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टोक आधी सोडवा. दुसरं टोक आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच शॉर्ट होतो.